रिकाम्या दिवसांचा हिशेब

तलाठी पदाच्या सुमारे साडेचार हजार जागांसाठी २०२३ साली महाराष्ट्रात दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क खुल्या प्रवर्गाला एक हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. बहुतेकांना अजून पगार नाही, म्हणजे पैसे गेले ते आईवडिलांच्या खिशातून. आता दुसरा आकडा पाहा. केंद्राच्या २०२३-२४ च्या श्रमबळ पाहणीनुसार देशातला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के. शंभरात जेमतेम तीन माणसं बेकार असतील, तर एका तलाठी भरतीला दहा लाख अर्ज येतात कसे?

दोन्ही आकडे खरे आहेत. फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. वडिलांच्या किराणा दुकानात पगाराविना बसणारा पदवीधर मुलगा या पाहणीत रोजगारात धरला जातो. शेतात आईला हातभार लावणारी मुलगीही धरली जाते. साप्ताहिक मोजणीत तर आठवड्यात एक तास काम केलं तरी तो माणूस बेकारांतून वगळला जातो. हे आंतरराष्ट्रीय प्रघाताला धरूनच आहे. पण त्यामुळे हा दर वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : आपल्याकडे गरिबाला बेकार राहणं परवडत नाही. तो नाक्यावर उभा राहतो, मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीत करतो आणि आकड्यातून निसटतो. उघड बेकारी दिसते ती शिकलेल्यांत, कारण त्यांच्यामागे त्यांना काही वर्षं पोसू शकणारं घर असतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेरोजगारीचा दर ३.४ टक्के होता, पदवीधर तरुणांमध्ये २९.१ टक्के. सुशिक्षित बेकार हा शब्द आपल्या सरकारी कागदांत जुनाच आहे. या आकड्यांनी त्याची व्याप्ती कळते.

या प्रश्नावर दोन प्रकारचं लिखाण सतत होत असतं. एक धोरणांविषयीचं : उद्योग कमी, शिक्षण निरुपयोगी, भरती रखडलेली. दुसरं धीर देणारं : सकाळी लवकर उठा, सकारात्मक राहा, प्रयत्नांती परमेश्वर. पहिल्यात माणूस नसतो आणि दुसऱ्यात परिस्थिती नसते. बेकारीच्या काळात उमेद कशावर टिकते, याचा अभ्यास मात्र गेली नव्वद वर्षं होत आला आहे आणि त्याचे निष्कर्ष या दोन्ही लिखाणांपेक्षा जास्त कामाचे आहेत.

सुरुवात ऑस्ट्रियातल्या मारियनथाल या गावापासून करावी लागते. व्हिएन्नाजवळचं हे गाव एका कापडगिरणीवर जगत होतं. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण अभ्यासकांनी तिथे ठाण मांडलं. त्यांचं पुस्तक १९३३ साली आलं. त्यांनी मोजलेल्या गोष्टी साध्या होत्या. गावच्या वाचनालयातून किती पुस्तकं जातात? आता लोकांना वेळच वेळ होता, तरी वाचन दोन वर्षांत जवळपास निम्म्याने घटलं. रस्त्यावर माणसं कशी चालतात? पुरुष रेंगाळत, थांबत चालत. बायका भरभर जात, कारण घरकाम काही बंद पडलं नव्हतं. दिवसभर काय केलं असं विचारलं, तर पुरुषांना सांगण्यासारखं फारसं काही आठवत नसे.

याच पुस्तकात एक हिशेब आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अभ्यासकांनी कुटुंबांचे चार गट केले : न खचलेली, निमूट झालेली, हताश झालेली आणि कशाचंच काही न वाटणारी. मग प्रत्येक गटाचं माणशी मासिक उत्पन्न काढलं. न खचलेल्यांचं सुमारे ३४ शिलिंग, निमूट झालेल्यांचं ३०, हताशांचं २५ आणि शेवटच्या गटाचं १९. उमेदीची अख्खी उतरंड पंधरा शिलिंगांत बसलेली. ज्याला आपण स्वभाव म्हणतो, मनोबल म्हणतो, त्यातला मोठा भाग बेकारांना मिळणाऱ्या मदतीच्या रकमेवर उभा होता. याहोडा पुढे आयुष्यभर याच विषयावर विचार करत राहिल्या. नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते, असं त्यांनी मांडलं : दिवसाला बांधणी, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, आपल्याहून मोठ्या कामात वाटा, समाजात ओळख आणि हातांना नेमाने काम. नोकरी गेली की पगाराबरोबर या पाचही गोष्टी जातात, आणि त्या जाताना दिसत नाहीत.

आपल्याकडचं मारियनथाल म्हणजे मुंबईचं गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या हळूहळू मिटत गेल्या. हजारो कामगार कोकणात, साताऱ्या-सांगलीकडे परतले, कारण गाव नावाचा आधार शिल्लक होता. जे मुंबईत राहिले त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी संसाराचं ओझं बायकांवर आलं : डबे, पोळीभाजी, घरकाम. परळ-लालबागच्या खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ सालीच अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. संपात या बायकांचं गिऱ्हाईकही रोडावलं, कारण जेवणारे गडी गिरणीतलेच. तरीही चूल पेटवणं, बाजार, हिशेब, उधारी वसूल करणं हा दिवसाचा क्रम त्यांच्या हाती होता. पुरुषाची ओळख भोंग्यावर आणि पाळीवर बेतलेली होती. भोंगा थांबला तेव्हा त्याच्यापाशी दिवसच उरला नाही. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातल्या घरात हेच दिसतं : पैशाच्या टंचाईइतकीच तिथे रिकामपणाची घुसमट आहे.

गिरणगावातून आणखी एक धागा निघतो, काम मिळतं कसं याचा. गिरणीच्या दारात रोज सकाळी बदली कामगार उभे राहत. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी कुणाला घ्यायचं, हे बराच काळ जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात होतं, आणि जॉबर आपल्या गावच्या, नात्यातल्या, ओळखीच्या माणसाला पुढे काढी. आज जॉबर गेला, तरी ओळख गेलेली नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या वरच्या दर्जाच्या नोकरदारांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिकांना नोकरी ओळखीतून लागली होती. पण ती ओळख जिवलग मित्राची नव्हती. बहुतेकांच्या बाबतीत ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाची होती. कारण उघड आहे. जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातून. २०२२ साली लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या प्रयोगातूनही असंच दिसलं : अगदी अनोळखीही नको आणि अगदी जवळचाही नको, मधल्या अंतरावरचा माणूस नोकरीसाठी सर्वांत उपयोगी.

बेकार माणूस नेमकं उलट करतो. लग्नकार्याला जाणं टाळतो, जुन्या सहकाऱ्याचा फोन उचलत नाही, कॉलेजच्या ग्रुपवर गप्प होतो. ‘सध्या काय चाललंय?’ या प्रश्नाला तोंड द्यायला नको म्हणून. लाज समजण्यासारखी आहे, पण तिचा फटका थेट नोकरीच्या शोधाला बसतो, कारण ज्या मधल्या वर्तुळातून बातमी यायची तेच बंद होतं. म्हणून जाणकार सांगतात ते साधंच आहे : नोकरी मागू नका, माहिती विचारा. ‘तुमच्याकडे काही असेल तर बघा’ या वाक्यात समोरच्यावर ओझं पडतं आणि तो टाळतो. ‘तुमच्या क्षेत्रात सध्या कुणाला घेतात, काय येणं लागतं, आणखी कुणाशी बोलू?’ याला कुणीही दहा मिनिटं देतो.

ओळखीची दुसरी बाजूही आहे. ज्याच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणी पदवीधर झालं, त्याने ही मधली वर्तुळं आणायची कुठून? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे डोळ्यांत अंजन घालतो. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. बदललं ते फक्त नाव-आडनाव. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. आडनावावरून जात ओळखण्याचा सराव असलेल्या समाजात हे फार समजावून सांगावं लागत नाही. शिवाय बेकारी लांबली की ती स्वतःच एक डाग बनते. अमेरिकेत असेच कल्पित अर्ज पाठवून केलेल्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं, की पहिल्या आठ महिन्यांत बोलावणी झपाट्याने कमी होत जातात. म्हणजे उशीर झाला म्हणून नाकारलं जातं आणि नाकारलं गेलं म्हणून आणखी उशीर होतो. अशा वेळी माणूस स्वतःत खोट शोधू लागतो. खोट दरवेळी त्याच्यात नसते, हे त्याला कुणीतरी आकड्यानिशी सांगणं गरजेचं आहे.

सरकारी नोकरीची ओढ यातूनच कळते. लेखी परीक्षेत आडनाव विचारलं जात नाही, वशिला चालत नाही, निदान चालू नये अशी अपेक्षा असते, आणि पोस्ट मिळाली की घरापासून लग्नापर्यंत सगळे प्रश्न एकदम सुटतात. म्हणून पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या, शास्त्री रस्त्यावरच्या अभ्यासिका भरलेल्या असतात. आत गेलं तर पुठ्ठ्याच्या किंवा प्लायच्या आडोशांनी केलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात जेमतेम दोन कोपरं मावतील एवढं टेबल, समोर चिकटवलेला स्वतःचा वेळापत्रकाचा कागद, पाण्याची बाटली, चालू घडामोडींचं मासिक, मोबाइल उलटा ठेवलेला. बाहेर चहाच्या टपरीवर ‘जाहिरात कधी?’, ‘कट ऑफ कितीवर जाईल?’ आणि ‘दोन मार्कांनी गेली’ हेच बोलणं. याहोडांच्या पाच गोष्टींच्या यादीशी ताडून पाहिलं, तर अभ्यासिका बेकार तरुणाला बरंच काही देते : दिवसाला बांधणी, सोबतीची माणसं आणि ‘एमपीएससी करतोय’ ही समाजाला चालणारी ओळख. म्हणूनच तिथून उठणं अवघड होतं. राज्यसेवेसाठी वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. पंचविशीत आलेला तरुण पूर्व, मुख्य, मुलाखत, पुन्हा पूर्व असं करत पस्तिशीला टेकला, तरी नियमाने तो अजून रांगेत असतो.

जागा कमी झाल्या की ही रांग आपसूक ओसरेल असं वाटतं. तसं होत नाही. तामिळनाडू सरकारने २००१ ते २००६ या काळात बहुतेक नोकरभरती गोठवली होती. कुणाल मंगल या अर्थशास्त्रज्ञाने त्या पिढीचा माग काढला तेव्हा आढळलं, की त्या काळात पदवी घेतलेल्या तरुणांनी तयारी सोडण्याऐवजी ती आणखी लांबवली आणि पुढे त्यांच्या कमाईलाही त्याची झळ बसली. भरती रखडवून सरकार पगार वाचवतं. तो खर्च तरुणांच्या वयातून वसूल होतो.

परीक्षार्थींमध्ये ‘प्लॅन बी’ची चर्चा नेहमी असते, पण तो बहुधा ‘पुढच्या प्रयत्नानंतर’ सुरू व्हायचा असतो. इथे एक साधी शिस्त उपयोगी पडते. तयारीला बसण्यापूर्वीच, डोकं थंड असताना, किती प्रयत्न आणि कोणत्या वयापर्यंत हे कागदावर लिहून घरच्या एका माणसाला द्यावं. दोन मार्कांनी हुकलेल्या दिवशी घेतलेला निर्णय नेहमी ‘आणखी एकदा’ असाच असतो. आणि तयारीच्या काळात आठवड्यातले काही तास पगारी कामाला द्यावेत, शिकवणी असो, हिशेब लिहिणं असो की दुकानातली पाळी. त्याने पैसा थोडाच मिळेल; पण नोकरीच्या बाजाराशी दोर तुटत नाही आणि पुढे ‘ही पाच वर्षं काय केलंत?’ याला उत्तर राहतं.

काय केलं असता काम लवकर लागतं आणि माणूस कमी खचतो, यावर प्रत्यक्ष प्रयोगही झालेले आहेत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९८० च्या दशकात काही दिवसांची एक कार्यशाळा आखली. तिच्यात अर्ज आणि मुलाखतीची तयारी होतीच, पण नकार येणारच असं धरून तो आल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचं याचा सरावही गटात बसून केला जाई. भाग घेतलेल्यांना लवकर आणि बऱ्या पगाराची कामं लागली. आधीच खचत चाललेल्यांना तिचा सर्वांत जास्त फायदा झाला. दक्षिण आफ्रिकेत तरुणांकडून फक्त आठवड्याची योजना लिहून घेतली : कोणत्या दिवशी, कोणत्या मार्गाने, किती अर्ज. शोधाचे तास वाढले नाहीत, पण अर्ज वाढले, मार्ग वाढले आणि नोकऱ्याही वाढल्या. इथिओपियात अदिस अबाबाच्या तरुणांना मध्यवस्तीत जाण्याचं बसभाडं दिलं, तर त्याचा गुण थोडे दिवस टिकला. अर्ज कसा करावा आणि आपलं कौशल्य दाखवावं कसं हे शिकवलं, तर चार वर्षांनीही कमाई जास्त होती.

या सगळ्यांतून निघणारा सल्ला घरगुती आहे. नोकरी शोधणं हे दिवसाला तीन-चार तासांचं काम समजावं, चोवीस तासांचं नाही. अर्जांची वही ठेवावी : कुठे, कधी, कुणाशी बोललो, पुढे काय. दिवसातून एकदा तरी ठरल्या वेळी घराबाहेर जावं आणि शक्यतो दोघा-तिघांनी मिळून शोधावं. आपल्या हातात नसलेल्या निकालापेक्षा हातात असलेल्या कामावर आठवडा मोजावा. आणि नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्यापासून लांब राहावं; नोंदणी शुल्क, प्रशिक्षण अनामत, गणवेशाचे पैसे अशी त्याची रूपं असतात. ऑनलाइन फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावं.

पण एवढं करून भागत असतं, तर प्रश्न कधीच सुटला असता. फ्रान्समध्ये झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१३ साली आला, तो सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. बेकार पदवीधरांना मदत दिली तर त्यांना नोकऱ्या लवकर मिळाल्या. पण त्याच भागातल्या, मदत न मिळालेल्या बेकारांच्या संधी काही प्रमाणात कमी झाल्या. जागा मोजक्याच असतील तर प्रशिक्षणाने रांगेतला क्रम बदलतो, रांग तशीच राहते. एका मुलाला उत्तम मुलाखत द्यायला शिकवणं चांगलंच. त्यातून एक जागा निर्माण झाली, असं मात्र कुणी समजू नये.

जागा निर्माण करण्याची जबाबदारी कुणाची, याचं एक उत्तर महाराष्ट्रानेच देशाला दिलं होतं. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक छोटा प्रयोग केला : काम मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात तीच कल्पना राज्यभर उभी राहिली, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांवर हजेरीपट धरून काम, आणि काम देता आलं नाही तर बेकारभत्ता. २००५ च्या केंद्रीय कायद्यामागे हाच अनुभव होता. या योजनेचा पैसा कुठून आला, हे मात्र आपण विसरलो. १९७५ साली राज्याने त्यासाठी व्यवसायकर बसवला. आजही पगाराच्या चिठ्ठीवर ‘पीटी’ म्हणून दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात, तो हा कर. ज्याला काम आहे त्याने काम नसलेल्यासाठी थोडं द्यावं, एवढा साधा विचार त्यामागे होता. ‘आमच्या करावर हे जगतात’ असं म्हणणाऱ्यांनी आपली चिठ्ठी एकदा त्या नजरेने पाहावी.

शहरातल्या, शिकलेल्या बेकारासाठी मात्र असा आधार फार तोकडा आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराची नोकरी गेली, तर अटी पूर्ण केल्यास ९० दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम मिळते. ही सोय २०१८ साली आली, पण ती कित्येकांना ठाऊकच नसते. २०२४ साली राज्याने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली : बारावी पासला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ हजार, पदवीधराला दहा हजार, मुदत सहा महिने. पुढे ती वाढवली गेली, आणि मुदत संपताच कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले. त्यांना हट्टी म्हणणं सोपं आहे. याहोडांच्या नजरेने पाहिलं तर कळतं, की त्यांना त्या सहा ते दहा हजारांबरोबर सकाळी जायला एक कार्यालय, बसायला टेबल आणि सांगायला पद मिळालं होतं. ते सगळं एका तारखेला काढून घेतलं गेलं.

या चर्चेला एक ताजी जोड मारियनथालनेच दिली. ते गाव आज ग्रामाटनोयझीडल या पालिकेत येतं. २०२० पासून काही वर्षं तिथे दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला पगारी कामाची हमी देऊन पाहिली गेली. ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं, तेव्हा गावातली दीर्घ बेकारी जवळपास संपली होती आणि लोकांच्या उत्पन्नाबरोबर दिवसाची बांधणी, माणसांशी संबंध, समाजातलं स्थान हेही सुधारलं होतं. काम नसण्याने काय तुटतं हे ज्या गावात मोजलं गेलं, तिथेच काम मिळाल्याने काय सांधतं तेही मोजलं गेलं.

म्हणून बेकार मुलाला ‘धीर धर’ सांगण्याआधी घराने काही गोष्टी कराव्यात. महिन्याची ठरावीक रक्कम त्याच्या हाती न मागता द्यावी, म्हणजे बसभाड्यासाठी रोज तोंड वेंगाडावं लागणार नाही. घरातली काही कामं कायमची त्याच्याकडे सोपवावीत, पण ‘रिकामा आहेस म्हणून’ असं म्हणून नव्हे. रोज जेवताना निकालाची चौकशी करण्याऐवजी आठवड्यातून एकदा बसून वही पाहावी. झोप उडाली, जेवण तुटलं, बोलणं थांबलं, तर ते आळसाचं लक्षण न समजता डॉक्टरांना दाखवावं.

आणि सरकारने? प्रत्येकाला नोकरी द्या ही मागणी मोठी आहे, तिच्यावर वाद होत राहतील. पण रिक्त पदं किती, जाहिरात कधी, परीक्षा कधी, निकाल कधी आणि नियुक्तीपत्र कधी, या पाच गोष्टी वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करून पाळणं याला नवा कायदा लागत नाही की वेगळा निधी लागत नाही. तारीख ठाऊक असलेला तरुण वाट पाहायची की दुसरी वाट धरायची, हे स्वतः ठरवू शकतो. तारीखच नसेल तर त्याच्यापुढे फक्त थांबणं उरतं, आणि अभ्यासिकेतल्या मुलांची पाच-सात वर्षं जातात ती या थांबण्यातच.